मुलांचा निखळलेला दात : उपचारांची साखळी

दुखापतीचे स्वरूप

सायकलवरून पडून किंवा खेळताना आपटून दात मुळासकट खोबणीबाहेर येतो, तेव्हा तो निखळला असे म्हणतात. वरचे मधले दोन दात यात अधिक सापडतात. ते साधारण 7 ते 8 व्या वर्षी उगवतात आणि धावण्या-खेळण्याचे वयही तेच असते. मूळ आणि हाड यांना जोडणारे तंतू तुटतात, पण त्यांतील काही पेशी मुळावर चिकटून जिवंत राहतात. पुढचे सारे उपचार या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतात.

पहिला अर्धा तास

उघड्या हवेत सुमारे 30 मिनिटांत यांपैकी बहुतेक पेशी मरतात. त्यामुळे पहिला उपचारकर्ता डॉक्टर नसतो. तो क्रीडाशिक्षक असतो, पालक असतो किंवा शाळेचा शिपाई. दात मुळाला स्पर्श न करता पांढऱ्या भागाला धरून उचलावा, माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुवावा आणि मूल शुद्धीवर असल्यास तिथेच खोबणीत बसवून रुमालावर चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. साध्या पाण्यात या पेशी फुगून फुटतात; कागदात गुंडाळून खिशात ठेवलेला दात वाटेतच सुकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण त्याच्या वर किंवा खाली घडत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

आधी मूल, मग दात

बेशुद्धी, वारंवार उलट्या, गुंगी यांपैकी काही असेल तर डोक्याची तपासणी आधी होते. दात किंवा त्याचा तुकडा सापडला नाही तर तो श्वासनलिकेत गेला नाही ना, हे पाहण्यासाठी छातीचा एक्स-रे लागू शकतो. धनुर्वाताच्या लसीची नोंद बालरोगतज्ज्ञाकडे असते. सांगितलेली हकीकत आणि जखम जुळत नसेल, तर मारहाणीची शक्यता बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी एकत्र तपासणे आवश्यक ठरते; एकट्याच्या नजरेतून ती निसटते.

दंतवैद्यकातील कामाची वाटणी

बालदंततज्ज्ञ दात बसवून शेजारच्या दातांशी लवचीक तारेने साधारण 2 आठवडे बांधतो. तार ताठ नसते, कारण किंचित हालचाल तंतूंच्या भरून येण्याला पोषक असते. खोबणीचे हाडही मोडले असेल तर मुखशल्यचिकित्सक लागतो आणि तार जास्त काळ ठेवावी लागते. मुळाचे टोक पूर्ण मिटलेले असेल तर 2 आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल सुरू करतात. टोक उघडे असेल तर रक्तपुरवठा पुन्हा जुळण्याची आशा असते, म्हणून लक्ष ठेवून थांबतात.

मर्यादा

उशिरा बसवलेल्या दाताचे मूळ अनेकदा हाडाशी एकजीव होते. प्रौढात असा दात वर्षानुवर्षे टिकतो. वाढत्या मुलात मात्र जबडा वाढतो, दात जागीच राहतो आणि शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. मग दंतरचनातज्ज्ञाची गरज पडते. कधी वरचा भाग काढून मूळ हाडातच ठेवतात, म्हणजे तिथल्या हाडाची उंची टिकते.

नोंदींचे महत्त्व

देखरेख किमान 5 वर्षे चालते. तेवढ्या काळात कुटुंबाची बदली होते, डॉक्टर बदलतात. साखळी तुटते ती बहुधा इथेच, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दात किती वेळ बाहेर होता, कशात ठेवला होता, कधी बसवला, हे पहिल्याच दिवशी लिहून ती प्रत आणि एक्स-रे पालकांच्या हाती दिले, तर पुढच्या तज्ज्ञाला अंदाजावर उपचार करावे लागत नाहीत.