मस्टँग की सुप्रा?

एक गुरगुरते, दुसरी शिट्टी वाजवत सुटते. एकीकडे अमेरिकेचं अवाढव्य व्ही-एट इंजिन, दुसरीकडे जपानचा टर्बो. लिलावात दोघींवरही डॉलर्सचा पाऊस पडतोय. मग जास्त भारी कोण?

गंमत म्हणजे यातल्या कित्येक गाड्या श्रीमंतांसाठी नव्हत्याच! १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये फोर्डने मस्टँग आणली, किंमत २,३६८ डॉलर. टार्गेट कोण? नुकतीच नोकरीला लागलेली पोरं-पोरी. पहिल्याच दिवशी २२ हजार ऑर्डर्स! १९६९ मध्ये जपानची डॅट्सन २४०झेड आली. दिसायला युरोपियन, अमेरिकेतली किंमत फक्त ३,५२६ डॉलर. थोडक्यात फंडा एकच, पगारदारांनाही स्पोर्ट्स कार हवी.

कागदावर एक, रस्त्यावर एक

अमेरिकन हिशोब सोपा. ताकद हवी? इंजिन मोठं करा! १९६७ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेट एल८८ मध्ये तब्बल ७ लिटरचं इंजिन होतं. कागदावर ४३० हॉर्सपॉवर, प्रत्यक्षात ५०० च्या वर. जपानी मंडळींनी छोट्या इंजिनातून ताकद पिळून काढली. निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३४) मध्ये २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन टर्बो. तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० च्या वर आकडा सांगायचा नाही. सांगितला नाही, पण दिला मात्र जास्त! खोटं बोलण्यात दोघंही सारखेच.

भाव का चढतो?

पहिलं कारण, दुर्मिळता. १९६७ मध्ये एल८८ फक्त २० बनल्या. त्यातली एक २०१४ मध्ये ३८.५ लाख डॉलरला गेली. टोयोटा २०००जीटी जेमतेम ३५१. तिने २०१३ मध्ये लिलावात १० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला.

दुसरं, सिनेमा. 'बुलिट'मधली (१९६८) मस्टँग पुढे एका कुटुंबाची रोजच्या वापराची गाडी होती. ओरखडे न पुसता ती २०२० मध्ये विकली, ३७.४ लाख डॉलरला! 'द फास्ट अँड द फ्युरियस'मधल्या (२००१) नारिंगी सुप्राला २०२१ मध्ये साडेपाच लाख मिळाले.

तिसरं, कायदा. परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की अमेरिकेचे सुरक्षा नियम तिला लागू होत नाहीत. १९९९ ची आर३४ तिथे २०२४ पासून कायदेशीर झाली. प्लेस्टेशनच्या 'ग्रॅन टुरिस्मो'वर स्कायलाइन पळवणारी पोरं आता चांगलं कमावतात. भाव चढणारच!

मग घ्यावी कोणती?

अमेरिकन गाडीत मूळ इंजिन शाबूत आहे का, नंबर जुळतात का ते बघतात. जपानी गाडीत गंज आणि मॉडिफिकेशन. सुप्रा हातात आली की टर्बो बदलायचा हा तर नियमच होता. त्यामुळे कुणीही हात न लावलेली सुप्रा आज सोन्याच्या भावाने जाते.

पण त्यातच खरी मेख आहे. ज्या गाड्या पोरांनी जीव तोडून पळवल्या, त्याच आता एसी गॅरेजमध्ये कव्हर घालून झोपल्यात. एक किलोमीटर वाढला तरी मालकाच्या पोटात गोळा!

आमचं मत विचाराल तर तोडीला तोड असताना जपानी घ्या. सुटे भाग मिळतील तोवर रविवारी सकाळी बाहेर काढा. ओरखडा पडला तर पडू दे. 'बुलिट'च्या मस्टँगचे ओरखडे कुणाला खुपले?