गावाचं वाचनालय आपलंही व्हावं म्हणून

आज आपण वाचनालयाबद्दल बोलणार आहोत. बायांनी पुस्तकं वाचावीत असा उपदेश मी करणार नाही. गावात वाचनालय आहे, पण कुलूप लावून पडलंय. किंवा उघडं असतं, पण आपण तिथे कधी जात नाही. ते परत उभं कसं करायचं, आपल्या आणि आपल्या लेकींच्या उपयोगाचं कसं करायचं, त्याला पैसा कुठून आणायचा, हे आज एकेक करून समजून घेऊ.

पाटीवरचा शब्द

बहुतेक वाचनालयांच्या पाटीवर ‘सार्वजनिक’ असं लिहिलेलं असतं. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं. पण नुसतं लिहिल्याने एखादी गोष्ट सगळ्यांची होत नाही, हे महाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजालाही खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

वाचनालयाची गोष्ट तेवढी कठीण नाही. तिथे बाईला कुणी ‘येऊ नको’ म्हणत नाही. पण वाचनालय उघडतं संध्याकाळी, नेमकं आपण चुलीपाशी असतो तेव्हा. बाकावर पुरुषमंडळी पेपर वाचत बसलेली. संडास-मुतारी नाही. कडेवरचं मूल ठेवायला जागा नाही. मग आपण जात नाही, आणि लोक म्हणतात, बायांना वाचायची आवडच नाही. म्हणून दुरुस्ती करायची तर आधी वेळेची आणि सोयीची करा. रंगरंगोटी नंतर.

पाणी नाही, तिथे वाचनालय कशाला?

हा प्रश्न ग्रामसभेत हमखास येईल. मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट बघणाऱ्या वाडीतून तो आला, तर त्यात चूक काही नाही. पाणी आधी हवंच. पण पाण्याचा अर्ज कुणी लिहायचा, योजनेची कागदपत्रं कुणी वाचायची, गटाच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते कुणी बघायचं? ही सगळी वाचनाचीच कामं आहेत.

आणि एक गोष्ट आपल्या भागापुरती फार महत्त्वाची आहे. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी आल्या. डोंगरात नवी भेग पडणं, झाडं किंवा विजेचे खांब तिरके होणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येणं, दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागणं ही दरडीची आधीची लक्षणं असू शकतात. ती सगळ्या गावाला माहीत हवीत. वसाहतीजवळच्या गावांनी वायुगळती झाली तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला जायचं, तोंडावर ओला कपडा का धरायचा, हे शिकून ठेवायला हवं. गळतीच्या वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचं असतं, वाऱ्याबरोबर पळायचं नसतं. हे शिकायला गावात एक जागा लागते. वाचनालयाच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लावा. शेजारी जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि मदतीचा ११२ हे नंबर लिहा. अंगणात पर्जन्यमापक बसवून शाळेतल्या मुलींना रोजचा पाऊस वहीत लिहायला सांगा. कोणत्या दिवशी पाऊस नेहमीपेक्षा फार झाला, ते अंदाजाने नाही, आकड्याने कळेल.

आधी माणसं, मग भिंती

आपल्याकडे उलटं होतं. आधी इमारत, मग उद्घाटन, मग कुलूप. म्हणून सुरुवात तीन महिन्यांच्या चालवण्याने करा. आहे त्या खोलीत सतरंजी अंथरा आणि वेळा ठरवा.

दुपारी दोन ते चार बायांसाठी. भातलावणीच्या दिवसांत ही वेळ बदलावी लागेल, तशी बदला. पहाटे आणि रात्री अभ्यासिका, पोलीस भरती, तलाठी भरती, स्पर्धा परीक्षा यांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी. शनिवारी सकाळी लहान मुलांसाठी गोष्टी. कंपनीत पाळीने जाणाऱ्यांना विचारून त्यांचीही एक वेळ ठेवा.

अभ्यासिकेचा मोठा फायदा मुलींना आहे. मुलगा अभ्यासाला मुंबई-पुण्याला खोली घेऊन राहतो. मुलीला तेवढी मोकळीक आणि तेवढा पैसा मिळत नाही. बारावीनंतर तिचा अभ्यास सुटतो, तो बऱ्याचदा बसायला शांत जागा नाही एवढ्याच कारणाने. मात्र मुली रात्री थांबणार असतील तर वाटेवर दिवा हवा, घरी जाताना सोबत हवी आणि किल्ली एखाद्या ताईकडे हवी.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? त्यांनीही यायचं. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी नाचणी निवडत ऐकायचं. आणि शिकायची इच्छा असेल तर ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी तो आखलेला आहे आणि पंधरा वर्षांवरच्या कुणालाही त्यात शिकता येतं. शिकवणारे गावातलेच स्वयंसेवक असतात. त्याचे वर्ग वाचनालयात घ्या. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे त्याची माहिती मिळेल.

तीन महिने रोज कोण आलं ते वहीत लिहा. ही वही पुढे पैसे मागताना सगळ्यात उपयोगी पडेल.

कोकणातली इमारत

आता खोलीकडे येऊ. आपल्याकडचा पाऊस पुस्तकांचा पहिला शत्रू. त्यामागून बुरशी, वाळवी आणि कसर.

पहिलं काम छपराचं. फुटकी कौलं, पन्हळ, भिंतीत झिरपणारी ओल हे पावसाळ्याआधी बघा. ओल तशीच ठेवून वर रंग दिला तर एका पावसात पोपडे धरतात. कपाटं भिंतीला चिकटवू नका, चार-सहा बोटं अंतर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर घ्या. पुराची गावं असतील तर जुनी, दुर्मीळ पुस्तकं, नोंदवह्या आणि संगणक वरच्या मजल्यावर. नव्या जागेचा विचार असेल तर पूररेषेतली आणि डोंगरउताराखालची जागा मुळातच नको.

वायरिंग नवं करून घ्या. मोबाईल चार्ज करायला जागोजागी प्लग ठेवा आणि पावसाळ्यात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर. संडास, हात धुवायला पाणी, म्हाताऱ्या माणसांसाठी पायऱ्यांशेजारी उतार आणि कठडा. खुर्च्या थोड्या असल्या तरी चालतील. बैठी मेजं आणि सतरंज्या असल्या की मूल शेजारी निजवून आईला वाचत बसता येतं.

पुस्तक भिजलंच तर? दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून घाई करायची. कडक उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात. सावलीत, पंख्याखाली उभी ठेवा. मध्ये मध्ये कोरे किंवा जुन्या पेपरचे कागद घाला आणि ते ओले झाले की बदला.

पुराने वाचनालय संपत नाही, हे बघायचं असेल तर कशेडी घाट ओलांडून चिपळूणला जा. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या पुरात आणि परत २०२१ च्या पुरात त्याला मोठा फटका बसला. मधल्या काळात, २०१३ च्या जानेवारीत, याच वाचनालयाने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवलं. गावाला ती संस्था आपली वाटते म्हणून ती उभी राहते.

दुसरं उदाहरण वरच्या बाजूचं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठलं की पाचगणीच्या वाटेवर भिलार आहे. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे एक मोठी इमारत बांधली नाही. गावातल्या २५ ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं ठेवली. कुणीही यावं, बसून वाचावं. आपल्या ज्या वाडीत खोलीच नाही, तिथे एखाद्या ताईच्या पडवीतलं एक कपाट ही सुरुवात होऊ शकते. शंभरेक वर्षांपूर्वी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या होत्या आणि स्त्रियांसाठी वेगळी वाचनाची जागाही केली होती. एक पेटी, पाच वाड्या, महिन्याला फेरी. हे आपले गटही करू शकतात.

पैसा कुठून आणायचा

चार वाटा सांगते.

एक, ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्या सभेत वाचनालयाचा ठराव करा, तो ग्रामसभेत मांडा आणि गावाच्या विकास आराखड्यात घालून घ्या. आराखड्यात नाव नसेल तर पुढे काही सरकत नाही.

दोन, ग्रंथालय खातं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे दरवर्षी अनुदान मिळतं. तुमच्या वाचनालयाला जुनी मान्यता असेल तर ती जाऊ देऊ नका. नोंदवह्या आणि हिशेब पूर्ण करा. फाटकी पुस्तकंसुद्धा समितीच्या ठरावाशिवाय रद्दीत घालू नका. नव्याने मान्यता हवी असेल तर अलिबागच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आधी चौकशी करा.

तीन, कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. केंद्र सरकारची ही संस्था १९७२ पासून आहे. पुस्तकं, कपाटं, इमारत यांसाठी ती मदत करते. ग्रंथालयातल्या महिला विभागासाठी, बालविभागासाठी आणि नवसाक्षरांच्या विभागासाठीही तिची योजना आहे. अर्जाची वाट ग्रंथालय खात्यातूनच जाते.

चार, कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावी लागते. कोणती कामं चालतील याची यादी कायद्यातच आहे आणि तिच्यात सार्वजनिक ग्रंथालयं स्पष्टपणे लिहिलेली आहेत. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. म्हणून वसाहतीतल्या कंपनीकडे जाताना मिंधेपणाने जाऊ नका. मात्र पैसे नोंदणीकृत संस्थेकडेच येऊ शकतात, तेव्हा कागद तयार ठेवा. आणि एक लक्षात असू द्या. वाचनालयाला कपाट दिलं म्हणून नदीच्या पाण्याबद्दल किंवा वासाबद्दल तक्रार करायची नाही, असा अर्थ होत नाही. ते दोन वेगळे विषय आहेत.

यांशिवाय आपलं मुंबई मंडळ आहेच. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईकर गावी येतात. त्यांना ‘पुस्तकं द्या’ असं मोघम सांगितलं तर घरातली रद्दी येते. यादी द्या: भरतीची या वर्षीची पुस्तकं, मुलांची चित्रांची पुस्तकं, शेती, आरोग्य, कायद्याची सोपी माहिती. आणि सांभाळणाऱ्या ताईच्या मानधनासाठी वर्गणी मागा. मानधन नसेल तर वर्षभरात कुलूप लागतं.

समितीत निम्म्या तरी बाया हव्यात, सगळ्या वाड्यांच्या आणि सगळ्या समाजांच्या. नावापुरत्या नकोत, किल्ली आणि हिशेबाची वही त्यांच्या हातात हवी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत तीनच गोष्टी करा. गावातल्या वाचनालयाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा. ते कधी उघडतं आणि तुम्हाला कधी जाता येईल, या दोन वेळा कागदावर शेजारी शेजारी लिहा. आणि पुढच्या महिला सभेसाठी ठराव तयार करा. मग एखाद्या दुपारी चार-पाच जणी मिळून तिथे जाऊन बसा. पेपर उघडा आणि वाचायला लागा.