दुरुस्तीनंतरही तापणारें एंजिन
दुरुस्त करून आणलेली मोटार सुकेळी खिंडींत पुनः तापली, कीं आपले पेण-रोह्याकडील बंधु नव्या सामानास दोष देतात. पुष्कळदां पाणी भरतांना आंत कोंडलेली हवाच त्यास कारण असते. एंजिन थंड असतां रेडिएटरचें झांकण काढावें, मग एंजिन चालवून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालीत जावें. थर्मोस्टॅट उघडल्यावरही बुडबुडे अखंड येत राहिले व पाणी घटत गेलें, तर गॅस्केट फुटलें किंवा हेड वांकलें असा संशय धरावा. हेड सपाट आहे कीं नाहीं हें पट्टी लावून पाहिल्यावांचून नवें गॅस्केट बसविणें म्हणजे पैसा पाण्यांत. खाडीकांठचें मचूळ पाणी कदापि घालूं नये. त्यांतील क्षार नळ्या बुजवितात व ॲल्युमिनियमचें हेड खातात. तापलेलें झांकण उघडूं नये, हें सांगणें नलगे; तरी हात भाजून घेणारे निघतातच.