बंद केली त बोलते कशी?

दिवाळीत करडीला गेलो होतो. मोहाडी तालुक्यातलं हे धानाचं गाव. हलकं धान कापून खळ्यावर आलेलं, भारी अजून बांधीत उभं. मामांच्या ओसरीवर मी दोन लॅपटॉप मांडले होते. एक नवा, आणि दुसरा नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असलेला म्हातारा. मधे केबल. नव्यावरून एक खूण पाठवली आणि म्हाताऱ्याच्या पडद्यावरचं घड्याळ दहा बेचाळीसवर थबकलं. समोर कोरं पान उघडं होतं. मामांनी त्याची आठ-दहा बटणं दाबून पाहिली. काही उमटलं नाही.

"बंद पडली का गा?"

"पडली नाही मामा, मीच थांबवली. आत काय चाललंय ते विचारतोय तिला."

"बंद केली त मंग बोलते कशी?"

संगणकशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मला कुठे भेटला नव्हता.

आधी कर्नल म्हणजे काय ते सांगतो, फौजेतला नव्हे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दाण्याच्या आतला गर. आपण वापरतो त्या प्रोग्रामच्या थराखाली, प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि कीबोर्ड सांभाळणारा जो गाभा असतो तो कर्नल. त्याच्याभोवतीच्या, आपल्या आज्ञा ऐकणाऱ्या थराला 'शेल' म्हणतात, म्हणजे टरफल. धान भरडणाऱ्या गावाला ही नावं वेगळी समजवावी लागत नाहीत.

साध्या प्रोग्राममधली चूक शोधायला डीबगर लागतो. तो प्रोग्रामला हवं तिथे थांबवतो आणि त्याची मेमरी उघडून दाखवतो. पण हे तो कर्नलच्या मदतीने करतो. चूक कर्नलमध्येच असेल आणि कर्नललाच थांबवलं, तर डीबगरच्या पायाखालची जमीनच जाते. पडदा रंगवणारं कोणी नाही, कीबोर्ड वाचणारं कोणी नाही. म्हणून दुसरं यंत्र आणि मधे केबल.

थांबवण्याची युक्ती मात्र चिमुकली आहे. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरवर, जिथे थांबायचं तिथल्या आज्ञेचा पहिला बाइट काढून त्या जागी २०४ हा आकडा ठेवतात. प्रोसेसर त्यावर आला की चालू काम सोडून डीबगरच्या कोडमध्ये शिरतो. प्रोसेसरच्या बाकीच्या कोअरनाही हाकारून एका जागी उभं केलं जातं. एरवी केबलवर अक्षर आलं की सिरियल पोर्ट प्रोसेसरला टोचून उठवतं. आता तेही बंद. मग डीबगरचा तेवढा तुकडा पोर्टकडे टक लावून बसतो: आलं का, आलं का, आलं का. मामांना मी म्हटलं, सगळं गाव झोपलंय, पण खळ्यावर एक जागल्या आहे. आपण बोलतो ते त्याच्याशी.

ती बोलीही मोजकीच. सगळी रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या हातातले चालू आकडे, दाखव म्हणायला नवा लॅपटॉप केबलवर पाचच चिन्हं सोडतो: डॉलर, 'जी' हे अक्षर, हॅश, मग ६ आणि ७. डॉलर म्हणजे निरोप सुरू, हॅश म्हणजे संपला, आणि ६७ ही मधल्या अक्षरांच्या संकेतांकांची सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिलेली बेरीज. पलीकडे बेरीज जुळली तर अधिकचं चिन्ह परत येतं, नाही जुळली तर उणेचं, आणि निरोप पुन्हा पाठवावा लागतो.

लिनक्समध्ये हा जागल्या केजीडीबी या नावाने राहतो, आणि त्याच्या वाढीत पुण्याचा वाटा आहे. मूळ काम डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रान ऐवाझियन यांचं. पुढे ते अनेक वर्षं सांभाळलं अमित काळे यांनी. आजही लिनक्समधल्या केजीडीबीच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर २०००-२००१ या वर्षांपुढे व्हेरिटास कंपनीचं, २००३-२००४ पुढे काळे यांचं आणि २००४-२००६ पुढे पुण्याच्या लिनसिससॉफ्टचं नाव आहे. इतकी वर्षं हे काम मुख्य लिनक्सच्या बाहेरच होतं. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांना डीबगर आवडत नाहीत आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही; डीबगर हाती असला की माणूस विचार करायचं सोडून ठिगळं लावतो, असं त्यांचं मत. अखेर विंड रिव्हर कंपनीच्या जेसन वेसल यांच्या हातून २००८ साली, २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी आत आला. मला विचाराल तर टॉरवाल्ड्स अर्धे बरोबर होते. पण रात्री दोन वाजता अडकलेल्या माणसाला ते अर्धं पुरत नाही.

मात्र सगळं थांबवणं दरवेळी परवडत नाही. कित्येक चुका वेळेच्याच असतात: दोन कामं एकाच क्षणी एका जागी आली तर होणाऱ्या. यंत्र थांबवलं की तो क्षणच मोडतो आणि चूक पसार होते. अशा वेळी कर्नलच्या आत चालणारा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, पेरतात. तो चालत्या यंत्रातल्या घटना टिपतो, बाहेरचा डीबगर सवडीने त्या उचलतो. दोघांचा वेग जुळत नाही, म्हणून मधे हवी संदेशांची रांग.

रांग म्हणजे सोपं काम, असं मलाही वाटायचं. पण ड्रायव्हर जिथे उभा असतो तिथे त्याला झोपायची मुभा नसते, आणि जास्तीची मेमरी मागायची सोय नसते, कारण मेमरी देणाऱ्यालाच आपण मध्येच अडवलेलं असू शकतं. सगळ्यात वाईट म्हणजे कुलूप. रांगेला कुलूप लावून एक काम आत असताना त्यालाच अडवून ड्रायव्हर आला आणि कुलूप उघडायची वाट पाहत बसला, तर किल्लीवाला बाहेर येणारच नाही.

याचाच एक चुलतभाऊ १९९७ मध्ये मंगळावर भेटला. नासाचं पाथफाइंडर यान उतरल्यावर अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागलं. हवामानाच्या नोंदी पाठवणाऱ्या बिनमहत्त्वाच्या कामाने संदेशवहनातलं एक कुलूप धरलं होतं. मधल्या दर्जाची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती, आणि अतितातडीचं काम बाहेर ताटकळत होतं. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर घटनांची नोंद चालू ठेवून तेच घडवून आणलं, आणि मग इथूनच यानातली एक सेटिंग बदलली. इकडे लिनक्सच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे प्रिंटकेच्या साठ्यात, कुलपाची गरज नसलेली रांग आली ती २०२० च्या डिसेंबरमध्ये, ५.१० या आवृत्तीत.

ऐनवेळी मेमरी मागता येत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या रांगेची जागा आधीच राखून ठेवतात, आणि ती गोल करतात. खळ्यात मेढीभोवती बैल फिरतात तसे त्यात दोन काटे फिरतात: पुढे लिहिणारा, मागून वाचणारा. वाचणारा रेंगाळला आणि लिहिणाऱ्याने फेरा पुरा करून त्याला गाठलं तर? इथे उत्तर धान खरेदी केंद्रावर मिळतं. गोदाम भरलं की वजनकाटा थांबतो आणि ट्रॅक्टर रस्त्यावर उभे राहतात. दोन प्रोग्राममधली रांग असं करू शकते. लिनक्सच्या एका प्रकारच्या रांगेत मुळात दहाच संदेश मावतात, अकरावा घेऊन येणारा थांबतो. पण कर्नलला रस्त्यावर उभं करता येत नाही. मग एकतर नवा संदेश टाकून द्यायचा, नाहीतर जुन्यावर नवा लिहायचा.

काय गमवायचं हे ज्याने रांग बांधली त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. डीबगरपुढे बसणाऱ्याला त्याचा बहुतेक वेळा पत्ता नसतो. चूक कशी सुरू झाली ते पाहायचं असेल तर जुने संदेश हवेत. यंत्र कोसळण्यापूर्वीचं शेवटचं बघायचं असेल तर नवे. प्रिंटके जुन्यावर लिहितो, पण प्रामाणिकपणे: प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो, आणि वाचणारा मागे पडून नोंदी पुसल्या गेल्या तर त्याला पुढच्या वाचनात आधी त्रुटीचा संकेत मिळतो, मगच उरलेलं हाती येतं.

विंडोजमध्ये अडचण आणखी एक. ड्रायव्हरला वरच्या प्रोग्रामला आपणहून हाक मारायची सरळ सोय नाही. म्हणून डीबगरच आधी कोऱ्या विनंत्या ड्रायव्हरकडे देऊन ठेवतो, रिकामी पोती देऊन ठेवावी तशा. घटना घडली की ड्रायव्हर एक पोतं भरून परत पाठवतो. एकच पोतं देऊन ठेवणारा प्रोग्राम पहिल्याच गर्दीत फसतो.

हे सांगेस्तोवर चहा आला. मी नव्या लॅपटॉपवरून 'चालू दे' म्हटलं. म्हाताऱ्याचं घड्याळ हललं, आणि कोऱ्या पानावर आपोआप पाच अक्षरं उमटली. मघाशी मामांनी दाबलेली. म्हाताऱ्याच्या जातीच्या जुन्या कीबोर्डला स्वतःची सोळा बाइटांची रांग असते, आणि एक बटण दाबून सोडलं की त्यातले तीन खर्च होतात.

मामांनी बोटांवर मोजलं. "म्या त आठ-दहा दाबले. बाकीचे कुठं गेले?"