नळीच्या लांबीतली अश्वशक्ती

अर्ध्या लिटरच्या सिलिंडरात अर्ध्या लिटरहून जास्त हवा भरता येते. त्यासाठी टर्बो लागत नाही, पंखाही लागत नाही. लागते ती नेमक्या लांबीची आणि नेमक्या जाडीची नळी. इंजिनाला बाजूने चिकटलेला नळ्यांचा जो पंजा दिसतो, तो इनटेक मॅनिफोल्ड. बहुतेक जुन्या गाड्यांत त्याच्या नळ्यांत हलणारं काहीच नसतं.

हिशेब करून बघू. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला 100. पिस्टनची वरून खाली एक खेप 5 मिलिसेकंदांत उरकते. तेवढ्यात हवेने वेग घ्यायचा, आत शिरायचं आणि व्हॉल्व्ह मिटला की थबकायचं. पण हवेलाही वजन असतं, ती एकदम थांबत नाही. लोकलचा डबा भरल्यावरही मागच्यांच्या रेट्याने आणखी चौघे आत जातात, तसंच इथे होतं. म्हणून तर पिस्टन तळाला टेकून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह जरासा उघडाच ठेवतात.

याहून नवल पुढे आहे. पिस्टन हवा ओढतो तेव्हा नळीत विरळ हवेची एक लाट उठते आणि ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला साधारण 340 मीटर, उलटी पळत सुटते. नळीचं दुसरं तोंड एका मोठ्या पोकळीत उघडतं. तिथून लाट माघारी फिरते, पण रूप पालटून: विरळ गेलेली ती दाट होऊन येते! 40 सेंटिमीटरच्या नळीत ही जा-ये अडीच मिलिसेकंदांच्या आत होते. दाट लाट व्हॉल्व्ह मिटायच्या जरा आधी पोचली, तर हवेचा एक जादा घास आत जातो. उशीर झाला, तर बंद व्हॉल्व्हवर आपटून परत. लाटेचा वेग काही आपल्या हातात नाही. नळीची लांबी मात्र आहे.

अमेरिकेत क्रायस्लरने हे 1960 साली उघड उघड करून दाखवलं. त्यांच्या 300एफ गाडीत नळ्या तब्बल 30 इंचांच्या होत्या. एवढ्या लांब, की डावीकडचा कार्बोरेटर उजवीकडच्या सिलिंडरांना पाजायचा आणि उजवीकडचा डावीकडच्यांना. इंजिनाची सगळ्यात जास्त ओढ 2800 फेऱ्यांनाच मिळे. शर्यतवाल्यांसाठी दुसरा प्रकार होता. तो बाहेरून तसाच दिसे, पण आतल्या भिंती कापून नळ्यांची खरी लांबी निम्म्यावर आणलेली. त्याने 375 ची अश्वशक्ती 400 झाली, आणि ओढीचा जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकला.

घरच्या गॅरेजात मॅनिफोल्ड बदलणारे हेच करतात. 1996 ते 1999 दरम्यान अमेरिकेत विकल्या गेलेल्या बीएमडब्ल्यू एम3 ची गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. तिच्या 3.2 लिटरच्या इंजिनावर कंपनीने बारीक नळ्यांचा मॅनिफोल्ड बसवला होता, कमी फेऱ्यांत पिकअप चांगला मिळावा म्हणून. हौशी लोक तो काढून त्याच घराण्यातल्या आधीच्या, एम50 इंजिनाचा रुंद नळ्यांचा मॅनिफोल्ड बसवतात. म्हणजे 'अपग्रेड' म्हणून येतो तो जुना भाग!

काम सुट्टीच्या दिवसाचं. इंजिन थंड असताना बॅटरी सोडायची, पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवायचा, इंजेक्टर रेलसकट उचलून बाजूला ठेवायचे. नट वरून दिसतात तेवढे सोपे; खालच्या अंगाचे पाइप हाताने चाचपत सोडवावे लागतात, आणि शिव्या तिथे सुटतात. मॅनिफोल्ड निघाला की उघड्या भोकांत आधी स्वच्छ फडकी कोंबायची. एखादा वॉशर आत घरंगळला तर पुढचं काम हेड उतरवण्याचं. जुनं गॅस्केट खरवडताना हेडच्या ॲल्युमिनियमवर चरा पडू द्यायचा नाही. नवं गॅस्केट बसवून नट मधून कडांकडे थोडे थोडे आवळत जायचे. जुन्या मॅनिफोल्डवर नव्या इंजिनाचे पाइप आणि सेन्सर सरळ बसत नाहीत, म्हणून जोडतुकडे घ्यावे लागतात. कुठे बारीकशी फट राहिली, तर मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून चोरटी हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि उभ्या गाडीचं इंजिन वरखाली करत राहतं. फट शोधायला नळ्यांत धूर सोडतात. तो जिथून डोकावेल तिथे गळती.

मग गाडी 5000 फेऱ्यांच्या वर मोकळी पळते, पण सिग्नलवरून निघताना किंचित मंदावते. रोजचा प्रवास गर्दीतून असेल त्याने बारीक नळ्याच राहू द्याव्यात, असं माझं मत.

दोन्ही हवं असणाऱ्यांनी तेही करून पाहिलं आहे. 1991 ची ल मां शर्यत जिंकणाऱ्या माझदा 787बी च्या नळ्या इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सरकत, आखूड-लांब होत.