झालं, झालंय आणि झालं होतं



इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे आपण सगळ्यांनी पाठ केली आहेत. ‘गो, वेंट, गॉन’, ‘ईट, एट, ईटन’, ‘टेक, टुक, टेकन’. ती आपण घडाघडा म्हणतो. पण कुणी इंग्रजीत विचारलं, ‘जेवलीस का?’, की दुसरं रूप घ्यायचं की तिसरं, इथे गाडी अडते. झालेलं काम इंग्रजीत नीट कसं सांगावं, ते या लेखात समजावून सांगते.

आपल्या पालकांपैकी बऱ्याच जणांचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं. सन २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं. आजोबांच्या पिढीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठी वाक्याचं इंग्रजी करायचा सराव करत. तेव्हा आपणही सुरुवात मराठीपासूनच करू.

ही तीन वाक्ये पाहा :

मी जेवले.
मी जेवलेय.
मी जेवले होते.

व्याकरणात यांना साधा भूतकाळ, पूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण भूतकाळ म्हणतात. तिन्ही वाक्यांत जेवण झालेलंच आहे. मग फरक कुठे? ‘जेवले’ म्हणजे नुसती घडलेली गोष्ट. ‘जेवलेय’ म्हणजे ‘जेवले आहे’. जेवण मघाशी झालं, पण पोट आत्ता भरलेलं आहे, आता वाढू नका. ‘जेवले होते’ म्हणजे मागच्या कुठल्या तरी वेळेच्याही आधी. जसे, पाहुणे आले तेव्हा मी जेवले होते.

इंग्रजीतही असेच तीन कप्पे आहेत. ‘आय एट’, ‘आय हॅव ईटन’ आणि ‘आय हॅड ईटन’. कप्पे सारखे दिसतात म्हणून आपण मराठी शब्दाला इंग्रजी शब्द लावत जातो आणि तिथेच पाय घसरतो. कारण कप्पे सारखे असले तरी कोणत्या कप्प्यात काय ठेवायचं, याची रीत दोन्ही भाषांत वेगळी आहे. त्यासाठी पुढच्या पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) ‘हॅव’ असेल तिथे संपलेली वेळ सांगू नये.
मराठीत आपण म्हणतो, ‘मी त्याला काल बाजारात पाहिलंय.’ आपल्याला ते खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चुकीचं आहे. ‘हॅव’ त्या कामाला आत्ताच्या वेळेशी बांधतो आणि ‘यस्टरडे’ त्याला कालच्या दिवसाशी बांधतो. एक शेळी दोन खुंट्यांना कशी बांधणार? म्हणून ‘आय सॉ हिम यस्टरडे’ म्हणावं. परवा, गेल्या दिवाळीत, सकाळी आठ वाजता, २०२० साली, असं काहीही आलं की दुसरं रूप घ्यावं. ‘व्हेन’ने विचारलेल्या प्रश्नातही ‘हॅव’ नको. ‘व्हेन डिड यू सी हिम?’ असंच विचारावं. पण ‘या आठवड्यात’ किंवा ‘आत्तापर्यंत’ ही वेळ अजून संपलेली नाही, तिथे ‘हॅव’ चालतो.

२) ‘होता, होते’ ऐकलं की लगेच ‘हॅड’ लावू नये.
आपल्याला ‘होतं’ फार आवडतं. ‘काल पुण्याला गेले होते’, ‘परवा मामा आला होता.’ मराठीत हे अगदी बरोबर आहे. पण इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ म्हटलं, की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. गेली होती, मग तेवढ्यात काय झालं? कारण ‘हॅड’ला जोडीदार लागतो. मागे दोन गोष्टी घडल्या, तर त्यातली आधीची ‘हॅड’ने सांगतात. ‘आम्ही स्वारगेटला पोहोचलो तेव्हा बस गेली होती.’ इथे बस आधी गेली, आम्ही नंतर पोहोचलो. म्हणून ‘द बस हॅड लेफ्ट’. नुसतं काल पुण्याला जाऊन आल्याचं सांगायचं, तर ‘आय वेंट टू पुणे यस्टरडे’ पुरे.

हा फरक नुसता परीक्षेतल्या गुणांचा नाही. माझी आत्या पुण्यात बिबवेवाडीला राहते. बिबवेवाडी पूर्वी पुण्याबाहेरचं खेडं होतं, आता ती महानगरपालिकेत आहे. जवळच मार्केट यार्ड, वर अप्पर इंदिरानगरच्या बाजूला इंजिनिअरिंगचं कॉलेज, त्यामुळे नाना प्रांतांची माणसं तिथे राहतात आणि एकमेकांशी बोलताना हिंदी नाहीतर इंग्रजी वापरतात. आत्याला साखरेचा त्रास आहे. एकदा तिला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या सिस्टर केरळच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘हॅज शी टेकन द टॅब्लेट?’ आत्याने सकाळी घरूनच गोळी घेतली होती. आतेभाऊ मराठीच्या ओघात म्हणाला, ‘यस, शी हॅड टेकन.’ सिस्टरांना उलगडा होईना. हॅड टेकन म्हणजे कधी? आज, काल, की पूर्वी घ्यायची आणि आता बंद आहे? त्यांनी पुन्हा नीट विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला, ‘टुडे, एट ओ’क्लॉक.’ मग त्यांनी कागदावर लिहून घेतलं. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात, की चुकून दोनदा घेतल्या तर रक्तातली साखर एकदम उतरते आणि माणसाला चक्कर येते. तिथे ‘शी हॅज टेकन इट’ किंवा ‘शी टुक इट अ‍ॅट एट’ हे उत्तर हवं होतं. पहिल्यातून गोळी पोटात गेलेली आहे हे कळतं, दुसऱ्यातून किती वाजता गेली ते कळतं.

३) ‘गेलाय’ आणि ‘जाऊन आलाय’ यांत गोंधळ करू नये.
इथे आपली मराठीच आपल्याला वाट दाखवते. ‘दादा बिबवेवाडीला गेलाय’ म्हणजे तो अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज गॉन टू बिबवेवाडी.’ ‘दादा बिबवेवाडीला जाऊन आलाय’ म्हणजे तो घरी परतला. ‘ही हॅज बीन टू बिबवेवाडी.’ फोनवर कुणी दादाला विचारलं आणि तुम्ही ‘गॉन’च्या जागी ‘बीन’ म्हणालात, तर तो माणूस म्हणेल, मग द्या की त्याच्याकडे फोन!

४) ‘डिड’ आला की क्रियापद पहिल्या रूपात.
‘डिड यू वेंट?’ असं सर्रास ऐकू येतं. पण भूतकाळ ‘डिड’मध्ये आलेलाच आहे. एका पातेल्यावर दोन झाकणं कशाला? ‘डिड यू गो?’, ‘आय डिड नॉट गो’ असं म्हणावं. जेवणाचं विचारताना आपल्या पुस्तकातल्या रीतीप्रमाणे ‘हॅव यू ईटन?’ म्हणतात. अमेरिकेतली माणसं ‘डिड यू ईट?’ असंही विचारतात. सिनेमात तसं ऐकलं तर बुचकळ्यात पडू नका, दोन्ही चालतं.

५) काही बोलणी जशीच्या तशी नेऊ नयेत.
आईने हाक मारली की आपण म्हणतो, ‘आले, आले!’ खरं तर आपण जागचे हललेलोही नसतो. मराठीत लगेच होणारं काम झालंच असं सांगायची रीत आहे. इंग्रजीत तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणतात. ‘आय केम’ म्हटलं तर समोरचा दाराकडे पाहील. तसंच ‘पास आउट’चं. आपल्याकडे शाळा किंवा कॉलेज संपलं, की ‘मी पास आउट झालो’ म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत मात्र ‘ही पास्ड आउट’ म्हटलं, की लोक पाणी घेऊन धावतील, कारण तिकडे त्याचा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडला असा आहे. त्याऐवजी ‘आय हॅव फिनिश्ड स्कूल’ म्हणावं.

एका बाबतीत मात्र इंग्रजी आपल्यापेक्षा सोपं आहे. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं म्हणतो. इंग्रजीत सगळ्याला एकच ‘एट’.

तेव्हा बोलण्याआधी मनात दोन प्रश्न विचारावेत. मी वेळ सांगतेय का? सांगत असेन तर दुसरं रूप. झालेल्या कामाचा परिणाम आत्ता दाखवायचा आहे का? असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि तिसरं रूप. बोली मराठीत शेवटी ‘य’ लागतो, जसे केलंय, आणलंय, गेलाय, तिथे बहुधा ‘हॅव’ बसतो. फक्त वाक्यात ‘काल’ आहे का तेवढं पाहून घ्यावं.

आता थोडा स्वाध्याय. पालकांनीही करून पाहावा. आधी वहीत लिहा, मगच खालची उत्तरे वाचा.

१. आईने चहा केलाय.
२. बाबा काल मार्केट यार्डात गेले होते.
३. ताई बिबवेवाडीला जाऊन आलीय.
४. घंटा झाली तेव्हा मी गणित सोडवलं होतं.
५. तू गृहपाठ कधी केलास?

उत्तरे :
१. मदर हॅज मेड टी.
२. फादर वेंट टू द मार्केट यार्ड यस्टरडे.
३. माय सिस्टर हॅज बीन टू बिबवेवाडी.
४. व्हेन द बेल रँग, आय हॅड सॉल्व्ह्ड द सम.
५. व्हेन डिड यू डू युवर होमवर्क?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी