गोंदियात नेमबाजीचा छंद आहे? मग स्वस्तातली एअर गन घेण्याआधी हे वाचा

मोबाईलवर एअर गनच्या रिव्ह्यूचे दोन-चार व्हिडिओ पाहिले की पुढचे आठ दिवस फीडमध्ये तेच येत राहतं. "१२०० एफपीएस! लायसन्स नको! फुल पॉवर!" ऐकायला भारीच वाटतं. पण हौसेची नेमबाजी करायची असेल तर या जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडाच सगळ्यात कमी कामाचा असतो. कसा, ते पाहूया. शिवाय तुमच्या गनचा खरा वेग मोबाईलवर कसा मोजायचा, तेही शेवटी सांगतो.

आधी कायदा, दोनच ओळींत

आर्म्स रूल्स २०१६ नुसार एअर गनला परवाना नको असेल तर दोन अटी आहेत. नळीचा व्यास ४.५ मिमी म्हणजे .१७७ पेक्षा जास्त नको आणि ताकद २० ज्यूलच्या वर नको. दोन्ही अटी एकदमच पाळाव्या लागतात. म्हणून ५.५ मिमीची म्हणजे .२२ ची एअर गन कितीही कमजोर असली तरी परवाना लागतोच. आणि बिनपरवान्याच्या गनमध्ये जोरदार स्प्रिंग टाकून ती २० ज्यूलच्या वर नेली, तर सूट संपली. "थोडी ट्यून करून घेतली" हे पोलिसांना सांगून चालत नाही.

एफपीएसची गंमत

एफपीएस म्हणजे छर्रा एका सेकंदात किती फूट जातो तो वेग. पण हलका छर्रा टाकला की तीच गन जास्त वेग दाखवते. ताकद काढायचं सूत्र सोपं आहे:

छर्ऱ्याचं वजन (ग्रॅम) × वेग × वेग ÷ २००० = ज्यूल

यात वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा. साधा छर्रा साधारण ०.५ ग्रॅमचा असतो. वेग २०० असेल तर ताकद १० ज्यूल. आता १२०० एफपीएस म्हणजे जवळपास ३६६ मीटर प्रति सेकंद. या वेगाने ०.५ ग्रॅमचा छर्रा उडाला तर ३३ ज्यूल होतात, म्हणजे परवाना हवा! मग डब्यावर १२०० कसं लिहितात? ०.३ ग्रॅमच्या आसपासचा अतिहलका छर्रा धरला तरच तो वेग २० ज्यूलमध्ये बसतो. आणि असे छर्रे कागदावर एका जागी लागतीलच याचा भरवसा नसतो.

गंमत म्हणजे १० मीटर स्पर्धेच्या रायफलींचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंदच असतो, ताकद ७-८ ज्यूल. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो याच प्रकारात. या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे कामाला येतो तो हलका, एकसारखा ट्रिगर आणि स्थिर हात. जोर नाही.

कोणता प्रकार कोणासाठी?

१. स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची: सगळ्यात स्वस्त, काही हजारांत मिळते. पंप नको, गॅस नको. पण पिस्टन सुटला की गन पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते, म्हणून ती घट्ट आवळून न धरता सैल हातावर ठेवावी लागते. छर्रा न टाकता चाप ओढू नका, पिस्टन आपटून खराब होतो. भरताना नळी एका हाताने पकडूनच ठेवा, सुटली तर बोटं चिरडतात.

२. गॅस रॅम: स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या वायूचा सिलिंडर. झटका थोडा सुसह्य, स्प्रिंगची खरखर नाही. पण बिघडला तर गावात दुरुस्त होत नाही, अख्खा भाग बदलावा लागतो.

३. सीओटू पिस्तूल: दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं, १२ ग्रॅमच्या छोट्या सिलिंडरवर चालतं. दर वेळी सिलिंडरचा खर्च, त्यात वेग हवामानावर अवलंबून. डिसेंबरच्या थंडीत मंद, उन्हाळ्यात जोरात. गोंदियाच्या मे महिन्यात भरलेलं सिलिंडर गाडीच्या डिक्कीत ठेवणं म्हणजे धोका. आणि खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल कमरेला लावून बाहेर फिरलात तर समोरच्याला ते खरंच वाटणार. नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या आपल्या जिल्ह्यात तर असली गंमत अजिबात नको.

४. पीसीपी: आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालते. झटका जवळजवळ नाही, अचूकता उत्तम. पण किंमत कितीतरी पट, आणि २०० बारच्या आसपास हवा भरायला वेगळा हातपंप घ्यावा लागतो. घाम निघतो, हे लक्षात ठेवा.

आमचं मत: शिकायला सुरुवात करताय तर कमी ताकदीची साधी स्प्रिंग रायफल घ्या. वर्षभराने छंद टिकला तर पीसीपीचा विचार करा. छर्रे सपाट तोंडाचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजता येतात. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल लिहून घ्या आणि ते जपून ठेवा.

मोबाईलवर वेग मोजा

टार्गेट बरोबर १० मीटरवर लावा. मोबाईल दोघांच्या मधोमध, पण माऱ्याच्या रेषेपासून दोन मीटर बाजूला ठेवा. आवाज रेकॉर्ड करून एक छर्रा मारा. ऑडिओ एडिटिंगच्या अॅपमध्ये फाईल उघडली की दोन टोकं दिसतील, एक सुटल्याचं, एक लागल्याचं. मोबाईल दोन्हीपासून सारख्या अंतरावर आहे, त्यामुळे आवाजाला यायला लागणारा वेळ आपोआप कटतो. मधलं अंतर ५० मिलिसेकंद आलं तर वेग २००. ४० आलं तर २५०, म्हणजे ०.५ ग्रॅमच्या छर्ऱ्याला साडेपंधरा ज्यूल. हा सरासरी वेग आहे, नळीजवळचा थोडा जास्तच असतो. म्हणून आकडा १९-२० च्या जवळ आला तर सावध व्हा.

"लायसन्स नको" म्हणजे "काहीही चालतं" नाही

हा मुद्दा व्हिडिओवाले सांगतच नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शस्त्राची व्याख्या वेगळी आहे. प्राण्याला जखमी करू शकणारं कोणतंही साधन त्यात शस्त्रच. म्हणजे बिनपरवान्याची एअर गनसुद्धा. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, त्यामुळे नागझिरा-नवेगावच्या सहलीला गन गाडीत नकोच. आणि पक्षी मेला तरच शिकार, असं नाही. जखमी करणं आणि नुसता प्रयत्न करणं हेही त्या व्याख्येत येतं.

महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांवर आणि धानाच्या बांध्यांत. थंडीत परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवर दूरदेशीचे पक्षी उतरतात. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने लोकांना एअर गन जमा करायचं आवाहन केलं, आणि लोकांनी त्या आणून दिल्याही. कारण तिथलं रान मुकं होत चाललं होतं. आपल्याकडे ती वेळ यायला नको.

घरी सराव करताना

टार्गेटच्या मागे पक्की भिंत हवी. बारदानात घट्ट चिंध्या भरा, मागे जाड लोखंडी पत्रा लावा. नुसत्या पत्र्यावर मारलं तर छर्रा उलटून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावाच. लहान पोरं अंगणात असतील तर गन बाहेर काढायची नाही. छर्रे शिशाचे असतात, नंतर हात साबणाने धुवा.

.२२ ची खरी रायफल हवी असेल तर? त्याला परवाना लागतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करायचा, पोलीस चौकशी होते. पण आधी वर्षभर १० मीटरवर कागदाला भोकं पाडा. साठपैकी साठ छर्रे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसायला लागले, की पुढचं बघू.